स्वयंसेवकांच्या गटाची नोंदणीकृत संस्था करताना

महाराष्ट्रात दर शनिवारी-रविवारी कोणत्या ना कोणत्या किल्ल्यावर वीस-पंचवीस माणसे घमेली, फावडी आणि दोर घेऊन चढत असतात, टाक्यांतला गाळ उपसतात, वाटा मोकळ्या करतात आणि संध्याकाळी आपापल्या गावी परततात. अशा गटाला बहुधा अध्यक्ष नसतो, घटना नसते, कार्यालय नसते. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, हाक देणारी दोन-तीन माणसे असतात आणि ज्याच्या मोबाइल क्रमांकावर सगळे पैसे पाठवतात असा एक जण असतो. वर्षानुवर्षे हे उत्तम चालते. मग एके दिवशी पुरातत्त्व विभाग विचारतो की परवानगीचे पत्र कोणत्या संस्थेच्या नावाने काढायचे. एखादी कंपनी देणगी देऊ करते, पण तिला संस्थेचा पॅन आणि पावती हवी असते. किंवा कड्यावरून कोणाचा तरी पाय घसरतो आणि दवाखान्याच्या बिलाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. त्यानंतरच्या बैठकीत कोणीतरी म्हणतेच, ‘एकदाचे रजिस्टर करून टाकू.’

या ‘करून टाकू’मध्ये नेमके काय काय येते, हे समजावून सांगण्याचा या लेखाचा प्रयत्न आहे. उदाहरण दुर्गसंवर्धन करणाऱ्या गटाचे घेतले असले, तरी रक्तदात्यांचा गट, वस्तीतले वाचनालय, पूर आला की धावून जाणारे मदतपथक या सर्वांना महाराष्ट्रात हेच कायदे लागू होतात.

नोंदणी नसणे हा गुन्हा नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. संघटना स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९(१)(ग)ने दिलेला आहे आणि तो वापरण्यासाठी कोणत्याही कार्यालयाच्या शिक्क्याची गरज नाही. नोंदणीशिवाय बँकेत खाते उघडता येत नाही, हा समजही पूर्णपणे बरोबर नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत अनोंदणीकृत संघटनांसाठी तरतूद आहे. गटाचा ठराव, गटाच्या नावाचा पॅन आणि खाते चालवणाऱ्यांची ओळखपत्रे यांच्या आधारे खाते उघडता येते. शाखेतील अधिकारी नाखूश असतात, ही गोष्ट वेगळी.

खरी अडचण पैसे एका व्यक्तीच्या खात्यावर जमू लागतात तेव्हा सुरू होते. आयकर कायद्यानुसार नातेवाईक नसलेल्यांकडून एका वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम मोबदल्याविना मिळाली, तर ती सगळी रक्कम, केवळ वरची नव्हे, त्या व्यक्तीचे उत्पन्न धरली जाऊ शकते. गटाने गडावरच्या लोखंडी जाळीसाठी दोन लाख रुपये जमवले आणि ते खजिनदाराच्या बचत खात्यात आले, तर पावत्या सांभाळून ‘हे पैसे माझे नाहीत’ हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर येते. त्याचे अचानक निधन झाले, तर खात्यातील शिल्लक वारसांकडे जाते. ते सज्जन असले तरी गटाला ती परत करताना त्यांनाही कागद हवाच असतो. यात कोणाचीही नियत वाईट असावी लागत नाही.

आणखी एक तरतूद अनेक गटांना ठाऊक नसते. धार्मिक किंवा धर्मादाय कारणासाठी लोकांकडून वर्गणी वा देणगी गोळा करायची असेल आणि संस्था नोंदलेली नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय कार्यालयाची, म्हणजे अशा संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची, परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाच्या आधी मंडळांनी अर्ज करावेत म्हणून दरवर्षी वर्तमानपत्रांत जे आवाहन छापून येते ते याच कलमाचे. ही परवानगी ठरावीक मुदतीची असते आणि नंतर जमाखर्च सादर करावा लागतो. किल्ल्यासाठी निधी गोळा करणारा गट स्वतःला मंडळ म्हणवत नसेल, तरी कलमाच्या कक्षेतून तो त्यामुळे सुटत नाही.

किल्ल्यांच्या बाबतीत परवानगीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील आणि एक, जिंजी, तामिळनाडूतील आहे. त्यांतील रायगड, शिवनेरी, लोहगड, सिंधुदुर्ग यांसारखे किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे, तर राजगड, साल्हेर, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या संचालनालयाकडे आहेत. पहिल्यांना १९५८ चा केंद्रीय कायदा लागतो आणि दुसऱ्यांना १९६० चा राज्याचा. शिवाय अनेक गडांच्या डोंगरउतारांवर वन विभागाची हद्द असते ती वेगळीच. टाक्यातल्या गाळात खापरे, नाणी, कोरीव दगड असू शकतात आणि थर एकदा विस्कटला की अभ्यासकाच्या दृष्टीने तो गेलाच. म्हणून विभाग लेखी परवानगीचा आग्रह धरतो, आणि तो योग्यच आहे. परवानगीच्या पत्रावर ज्याला जबाबदार धरता येईल असे नाव लागते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे नाव तिथे चालत नाही.

नोंदणीचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था, म्हणजे सोसायटी, नोंदवणे, दुसरा सार्वजनिक न्यास म्हणजे ट्रस्ट करणे आणि तिसरा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढणे.

संस्थेला किमान सात माणसे लागतात. तिचा पाया सभासद हा असतो: सभासद वार्षिक सभेत बसतात, कार्यकारी मंडळ निवडतात, हिशेब मंजूर करतात. महाराष्ट्रात याला एक पुरवणी आहे. १९५० च्या कायद्याने सार्वजनिक न्यासाची जी व्याख्या केली आहे तिच्यात १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय संस्थाही येते. त्यामुळे इथल्या संस्थेला दोन नोंदण्या कराव्या लागतात आणि दोन प्रमाणपत्रे मिळतात, एक सहायक संस्था निबंधकांचे आणि दुसरे धर्मादाय कार्यालयाचे. दुसऱ्या प्रमाणपत्रावरील क्रमांकाआधी संस्थेसाठी ‘एफ’ आणि धर्मादाय न्यासासाठी ‘ई’ हे अक्षर असते. जाणकार माणूस लेटरहेडवरचा क्रमांक पाहूनच समोरची संस्था कोणत्या जातीची आहे ते ओळखतो. गुजरातही जुन्या मुंबई राज्याचा भाग असल्याने बडोदा, अहमदाबादकडील मराठी मंडळांना अशीच दुहेरी व्यवस्था परिचित आहे. गोव्यात मात्र १८६० चा कायदा असला तरी महाराष्ट्रासारखे धर्मादाय आयुक्तालय नाही, तेव्हा सिंधुदुर्गातल्या मित्राचा सल्ला पेडण्यात जसाच्या तसा लागू पडत नाही.

न्यासात सभासद नसतात, विश्वस्त असतात. न्यासपत्रात जे लिहिले असेल त्याप्रमाणे विश्वस्त कारभार पाहतात आणि जागा रिकामी झाली की बहुधा उरलेले विश्वस्तच नवा नेमतात. एखाद्या कुटुंबाने आपली जमीन वा ठेव कायमची एका कामासाठी काढून ठेवायची असेल, तर हा उत्तम मार्ग आहे. दोनशे स्वयंसेवकांच्या घामावर उभे राहिलेले काम मात्र चार विश्वस्तांच्या हाती देणे मला पटत नाही. ज्यांनी दगड वाहिले त्यांना मताचा अधिकार उरत नाही आणि दोन-तीन वर्षांत ते येणे बंद करतात.

कलम ८ ची कंपनी दोन संचालकांवरही उभी राहू शकते. तिची नोंदणी केंद्र सरकारच्या कंपनी निबंधकांकडे ऑनलाइन होते आणि अनेक राज्यांत काम करायचे असेल किंवा मोठ्या कंपन्यांकडून निधी घ्यायचा असेल तर ती सोयीची पडते. तिचा एक कायदेशीर फायदा सहसा सांगितला जात नाही. कंपनी ही सभासदांपासून वेगळी अशी कायदेशीर व्यक्ती असते, तर १८६० च्या कायद्याखालील संस्था तशी पूर्ण अर्थाने नसते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६२ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजच्या खटल्यात आणि पुढे २००३ मध्येही स्पष्ट केले आहे. म्हणूनच कायद्याच्या कलम ५ मध्ये संस्थेची मालमत्ता कार्यकारी मंडळाकडे असल्याचे मानले जाते आणि कलम ६ नुसार दावे अध्यक्ष, सचिव अशा पदाधिकाऱ्यांच्या नावाने चालतात. किल्ल्यावर काम करणाऱ्या, मालमत्ता म्हणून दोर, घमेली आणि एक भाड्याची खोली असलेल्या गटाला या फरकाने रोज काही अडत नाही. दुसरीकडे कंपनीची वार्षिक विवरणपत्रे वेळेवर गेली नाहीत तर दिवसागणिक विलंबशुल्क चढते आणि ते काम सनदी लेखापालाच्या किंवा कंपनी सेक्रेटरीच्या मदतीशिवाय सहसा होत नाही. पगारी माणूस नसलेल्या गटाने हा मार्ग शक्यतो धरू नये, असे माझे मत आहे.

तेव्हा बहुतेक गटांसाठी संस्थाच. इथून पुढे खरे काम सुरू होते आणि ते कोणत्याही सरकारी कार्यालयात होत नाही. ते संस्थेची घटना, म्हणजे तिच्या कारभाराचे नियम, लिहिताना होते.

बाजारात तयार घटना मिळते. धर्मादाय कार्यालयाच्या आसपास टंकलेखन करून देणाऱ्यांकडे तिचा मसुदा असतोच. नाव, पत्ता आणि सात माणसांची यादी भरली की कागद तयार होतो. त्यात ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप’पासून ‘गोशाळा चालवणे’पर्यंत तीस उद्देश असतात आणि किल्ल्याचा उल्लेख कुठेतरी एकविसाव्या क्रमांकावर घुसवलेला असतो. नोंदणी होऊन जाते, कारण कार्यालय घटना कायद्यात बसते का एवढेच पाहते. ती तुमच्या गटाला बसते का, हे पाहणे त्याचे काम नव्हे. पहिला वाद झाला की सगळे तोच कागद उघडतात आणि त्यात उत्तर नसते.

घटनेतला सर्वांत अवघड प्रश्न सभासद कोणाला म्हणायचे हा आहे. ग्रुपवर दोनशे जण आहेत, महिन्यातून एकदा येणारे तीस आहेत, दर आठवड्याला येणारे दहा आहेत आणि कधीच गडावर न येता दरवर्षी पाच हजार रुपये पाठवणारे एक काका आहेत. यातले सभासद कोण? कामावर आलेला प्रत्येक जण आपोआप सभासद, असे लिहिले तर निवडणुकीच्या आधीच्या रविवारी कोणीही पन्नास माणसे आणून संस्था ताब्यात घेऊ शकतो, आणि तो जिंकला तर नियमाप्रमाणेच जिंकलेला असतो. उलट संस्थापक सातच सभासद आणि बाकी सगळे ‘कार्यकर्ते’, असे ठेवले तर आपण दुसऱ्याच्या संस्थेत फुकट राबतो आहोत ही भावना लोकांत लवकरच येते. मधला मार्ग असा असू शकतो: वर्षभरात ठरावीक मोहिमांत भाग घेतलेल्या व्यक्तीने लेखी अर्ज करावा, वार्षिक वर्गणी भरावी, कार्यकारी मंडळाने ठराव करून तो मंजूर करावा आणि सभेच्या आधी किमान सहा महिने सभासद असलेल्यालाच मत असावे. अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवावे आणि त्यावर सर्वसाधारण सभेकडे दाद मागता यावी.

वर्गणीच्या बाबतीत १८६० च्या कायद्याचेही एक कलम आहे. कलम १५ नुसार ज्या सभासदाची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि त्याची सभासदांत गणनाही होत नाही. वर्गणी पन्नास रुपये असली तरी पावती फाडली पाहिजे, नोंदवहीत लिहिली पाहिजे. भांडण कोर्टापर्यंत पोचते तेव्हा दोन्ही बाजूंचे वकील आधी हीच नोंदवही मागतात.

सभेची नोटीस कशी द्यायची, हेही घटनेत लिहून ठेवावे. जुन्या मसुद्यांत ‘टपालाने’ एवढेच असते आणि प्रत्यक्षात सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. मग पराभूत बाजू सांगते की आम्हाला नोटीसच मिळाली नाही. ईमेल आणि मोबाइल संदेश चालतील असे स्पष्ट लिहून, कोणता क्रमांक वा पत्ता नोंदवहीतला धरायचा तेही ठरवून टाकावे. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, एक तृतीयांश ठेवली आणि ती झाली नाही तर अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी तहकूब सभा घेण्याची मुभा ठेवली, तर काम अडत नाही. मात्र तहकूब सभेत घटना बदलता येऊ नये, एवढी अट घालावी.

पदांच्या मुदतीवर बोलताना संस्थापकांना अवघडल्यासारखे होते, कारण गट त्यांनीच उभा केलेला असतो. ‘तहहयात अध्यक्ष’ ही कल्पना अशा अवघडलेपणातूनच घटनेत शिरते. २०२५ मध्ये राज्याने १९५० च्या कायद्यात दुरुस्ती करून तहहयात विश्वस्तांची (संस्थेच्या बाबतीत कार्यकारी मंडळातील सदस्यांची) संख्या एकूण विश्वस्तांच्या एक चतुर्थांशापलीकडे जाऊ नये अशी मर्यादा घातली आहे. तेव्हा जुने मसुदे उतरवून घेणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहावे. तीन किंवा पाच वर्षांची मुदत, सलग दोनदाच तेच पद आणि जुन्या माणसांसाठी मत नसलेले सल्लागार मंडळ, ही रचना बऱ्यापैकी चालते.

उद्देश थोडे आणि नेमके ठेवावेत, पण इतके अरुंद नकोत की पुढच्या वर्षी पुराच्या वेळी गावाला मदत करणेही घटनेबाहेर जाईल. नंतर उद्देश बदलायचे तर १८६० च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे सभासदांना दहा दिवस आधी लेखी प्रस्ताव द्यावा लागतो, विशेष सभेत तीन पंचमांश मते लागतात आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत त्याला पुन्हा तितक्याच बहुमताने मान्यता घ्यावी लागते. एका जातीपुरते किंवा एका धर्माच्या लोकांपुरते काम मर्यादित करणारा उद्देश लिहिला तर आयकराच्या सवलती अडचणीत येतात.

नावाबाबत दुर्गप्रेमींना एक धक्का बसण्याची शक्यता असते. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत राष्ट्रध्वज, महात्मा गांधी यांच्याबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्रही आहे. महाराजांच्या नावाने चालणारी मंडळे गावोगावी दिसतात, म्हणून आपल्यालाही ते नाव सहज मिळेल असे गृहीत धरून बोधचिन्ह, टी-शर्ट आणि फलक आधीच छापू नयेत. दोन-तीन पर्यायी नावे हाताशी ठेवावीत आणि निबंधक कार्यालयात आधी चौकशी करावी.

घटना ठरली की बाकीची कागदपत्रे फारशी कठीण नाहीत. विधानपत्र, म्हणजे ज्याला सगळे मेमोरँडम म्हणतात ते, त्यात संस्थेचे नाव, उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळातील व्यक्तींची नावे, पत्ते व व्यवसाय असतात. त्यावर किमान सात जणांच्या सह्या लागतात. सोबत नियमावली, ओळखपत्रे, नोंदणी करण्याचा ठराव, ज्या घराचा पत्ता कार्यालय म्हणून दिला आहे त्या घरमालकाचे संमतीपत्र आणि वीजबिल. संस्थेचे प्रमाणपत्र मिळाल्यावर १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचा अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो; त्याची चौकशी होते, हरकती मागवल्या जातात आणि मग दुसरे प्रमाणपत्र मिळते. भाड्याने राहणाऱ्या मित्राच्या खोलीचा पत्ता देण्याचा मोह टाळावा. तो खोली सोडतो आणि आयकर विभागाची नोटीस नव्या भाडेकरूच्या दारात पडून राहते.

नोंदणीनंतरच्या पहिल्या सभेत एक काम आवर्जून करावे, जे बहुतेक गट विसरतात. जुन्या गटाकडे असलेली शिल्लक, साहित्य आणि समाजमाध्यमांवरील पाने संस्थेने ताब्यात घेतल्याचा ठराव करावा. दोनशे फूट दोर, हेल्मेटे, चाकगाडी, स्वयंपाकाची पातेली, कोणाच्या तरी नावावर घेतलेले संकेतस्थळ, कोणाच्या तरी ईमेलवर उघडलेले यूट्यूब चॅनेल, सगळ्यांची यादी करून देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. हे करताना हसू येते. पण गटात फूट पडते तेव्हा ती पैशांइतकीच त्या चॅनेलच्या पासवर्डवरून पडते.

आता पैसा. संस्थेच्या नावाने पॅन आणि बँक खाते झाले की व्यक्तीच्या खात्यावर एक रुपयाही घेऊ नये. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. ताळेबंद परिशिष्ट ८ आणि जमाखर्च परिशिष्ट ९ च्या नमुन्यात करून सहा महिन्यांच्या आत सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करून घ्यायचे असते. कर्ज काढायचे असेल तर विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ अ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, स्थावर मालमत्ता विकायची असेल तर कलम ३६ नुसार.

नोंदणी झाली म्हणजे कर माफ झाला, ही समजूत इतकी पसरलेली आहे की ती पुन्हा पुन्हा खोडून काढावी लागते. धर्मादाय कार्यालयाचे प्रमाणपत्र आणि आयकराची सवलत यांचा एकमेकांशी आपोआप काही संबंध नाही. संस्थेच्या उत्पन्नावर करसवलत मिळवण्यासाठी आयकर विभागाकडे वेगळी नोंदणी करावी लागते, जिला लोक अजूनही ‘ट्वेल्व्ह ए’ म्हणतात, आणि देणगीदाराला वजावट मिळावी म्हणून आणखी एक मान्यता लागते, ती ‘एटी जी’. ही दोन्ही नावे १९६१ च्या कायद्यातील कलमांची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून अर्ज भरताना जुन्या मार्गदर्शक पुस्तिका बाजूला ठेवाव्यात. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते आणि मुदतीपूर्वी ती नियमित करून घ्यावी लागते. ही दुसरी पायरी विसरणाऱ्या संस्थांची सवलत हातातून जाते. सवलत टिकवण्यासाठी साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्देशांसाठी वापरली गेली पाहिजे आणि पदाधिकारी वा त्यांच्या नातेवाइकांना संस्थेच्या पैशातून अवाजवी लाभ मिळता कामा नये.

देणगीदाराला आश्वासन देताना दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीवर वजावट मिळत नाही, आणि ज्याने नवी करप्रणाली निवडली आहे त्याला तर ही वजावट मिळतच नाही. दुसरी बाब कळल्यावर काही देणगीदार हात आखडता घेतात, पण मार्चमध्ये पावती हातात घेऊन लेखापालाकडे गेल्यावर त्यांना ती कळण्यापेक्षा हे बरे. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हवा असेल तर या दोन्ही मान्यता आणि कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ ही नोंद लागते.

परदेशातील मित्राने डॉलर पाठवण्याची तयारी दाखवली, तर त्याला थांबवावे. परकीय योगदान (नियमन) अधिनियम, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी मिळेपर्यंत परकीय स्रोताकडून पैसे घेता येत नाहीत, आणि त्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे चाललेली असावी आणि त्या काळात तिने उद्देशांवर पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावेत, अशी अट आहे. नंतरही पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात. न्यू जर्सीत नोकरी करणारा, पण भारतीय पारपत्र असलेला माणूस आपल्या बचतीतून देत असेल तर तो परकीय स्रोत ठरत नाही. तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला की ठरतो.

या सगळ्यापेक्षा महाराष्ट्रातील संस्थांना सर्वाधिक नडणारी गोष्ट म्हणजे बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. धर्मादाय कार्यालयात प्रत्येक न्यासाची एक नोंद असते, तिला परिशिष्ट १ किंवा बोलण्यात ‘शेड्यूल वन’ म्हणतात. तिच्यात विश्वस्तांची नावे, पत्ता, मालमत्ता असते. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार यातील काहीही बदलले, निवडणूक झाली, कोणी राजीनामा दिला, कोणाचे निधन झाले, कार्यालय हलले, तर ९० दिवसांच्या आत कळवावे लागते. सोबत सभेची नोटीस, उपस्थितांच्या सह्या, इतिवृत्त, राजीनाम्याचे पत्र किंवा मृत्यूचा दाखला आणि नव्या व्यक्तीचे संमतीपत्र जोडायचे असते.

पहिल्या निवडणुकीनंतर उत्साहात हे होते. दुसऱ्या वेळी राहून जाते, कारण कोणाचे काही अडलेले नसते. दहा-बारा वर्षांनी बँक सह्यांचे अधिकार बदलण्यासाठी शेड्यूल वनचा ताजा उतारा मागते, आणि उताऱ्यावर स्थापनेची तीच सात नावे निघतात: त्यांतले एक वारलेले, एक पुण्याहून बंगळुरूला गेलेले, एक भांडून बाहेर पडलेले. मग मधल्या प्रत्येक निवडणुकीचा स्वतंत्र बदल अर्ज, प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज, आणि भांडून गेलेल्या माणसाने हरकत घेतली की त्याची सुनावणी. पहिला बदल मंजूर झाल्याशिवाय दुसऱ्याला आधार मिळत नाही, म्हणून ही मालिका वर्षानुवर्षे चालते. किल्ल्यावर काम करणारी माणसे दर तारखेला धर्मादाय कार्यालयाच्या बाकावर बसलेली दिसतात. यावर उपाय एवढाच की निवडणुकीच्या सभेतच ‘बदल अर्ज दाखल करण्याचा अधिकार अमुक यांना’ असा ठराव करावा आणि पुढच्या मासिक बैठकीत त्याची पोच दाखवल्याशिवाय दुसऱ्या विषयाला हात घालू नये.

अपघाताविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण अनेक गट केवळ त्या भीतीने नोंदणीकडे वळतात. नोंदणीमुळे निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही. मोहिमेच्या प्रमुखाने कुजका दोर वापरू दिला, तर प्रमाणपत्र त्याला वाचवत नाही. नोंदणीचा उपयोग असा की संस्थेच्या नावाने स्वयंसेवकांचा सामूहिक अपघात विमा काढणे सोपे जाते, साहित्य तपासणीची नोंद एका जागी राहते आणि मोहिमेच्या आधी संमतीपत्र भरून घेण्याची शिस्त लागते.

वर्षातून तीन-चार मोहिमा, जेमतेम वीस-तीस हजारांचा खर्च आणि तोही आपसात वाटून घेतलेला, अशा गटाने नोंदणी करू नये, असे मी सांगेन. लेखापरीक्षण, विवरणपत्रे आणि बदल अर्ज यांत त्याचा जितका वेळ जाईल तितका कामातही जात नसेल. अशा गटाने जिल्ह्यातील एखाद्या जुन्या, हिशेब चोख असलेल्या नोंदणीकृत संस्थेशी बोलावे; तिच्या एका उपक्रमाच्या रूपाने काम करावे; परवानगीचा अर्ज तिच्या लेटरहेडवर जावा, देणगी तिच्या खात्यात यावी आणि खर्चाची मूळ बिले तिच्याकडे जमा व्हावीत. मात्र कोणता निधी या उपक्रमासाठी राखीव राहील, साहित्य कोणाचे, छायाचित्रे कोणाच्या नावाने प्रसिद्ध होतील आणि वेगळे व्हायचे ठरले तर शिल्लक कोणत्या नोंदणीकृत संस्थेकडे जाईल, याचे एक पानी पत्र दोन्ही बाजूंच्या सह्यांनी सुरुवातीलाच करावे. त्याच काळात बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याची, उपस्थितीच्या सह्या घेण्याची आणि प्रत्येक खर्चाचे बिल फाइलला लावण्याची सवय लावून पाहावी. वर्षभर ती टिकली, तर सात नावे निवडायला बसावे.